चौदा शब्दांची सूट : वाङ्मयचौर्यविषयक विनियमांचे भाषिक परीक्षण

विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांतील शैक्षणिक सचोटीचे संवर्धन व वाङ्मयचौर्याचा प्रतिबंध यांविषयीचे विनियम जुलै २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात, म्हणजे पुणे, नगर व नाशिक या जिल्ह्यांत, पीएच.डी.चा प्रबंध सादर करू इच्छिणाऱ्या संशोधकाला या विनियमांच्या उंबरठ्यावरून जावेच लागते. त्यांच्याविषयी जी चर्चा आपल्या विभागांतून ऐकू येते ती बहुतेक दंडाविषयी असते. तो सौम्य आहे की कठोर आहे, एवढ्यावरच ती थांबते. परंतु विनियम हीही एक संहिता आहे. कोणत्याही संहितेप्रमाणे ती एका विशिष्ट भाषेच्या सवयी गृहीत धरून रचली गेली आहे, आणि ती भाषा मराठी नव्हे. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाला ही संहिता लावली असता काय घडते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

प्रथम व्याख्या पाहू. दुसऱ्याची कृती किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून पुढे करणे म्हणजे वाङ्मयचौर्य, अशा आशयाची व्याख्या विनियमांनी दिली आहे. व्याख्या निर्दोष आहे. तीत ‘कल्पना’ हा शब्द आहे हे विशेष. परंतु व्याख्येच्या पुढे गेल्यावर कल्पनेचा मागमूस राहत नाही. पुढे येते ती साम्याची टक्केवारी. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत साम्य आढळल्यास संशोधकाने सहा महिन्यांच्या आत सुधारलेला प्रबंध द्यावयाचा. चाळीसच्या वर साठपर्यंत आढळल्यास त्याला वर्षभर सुधारित प्रबंध देण्यास मनाई. साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. व्याख्या कल्पनेच्या चोरीविषयी बोलते आणि मोजमाप अक्षरांच्या साम्याचे होते. गुन्ह्याचे नाव एका वस्तूवरून आणि त्याचे वजन दुसऱ्याच वस्तूवरून ठरविण्याचा हा प्रकार आहे. दोनशे पानांच्या प्रबंधात दहा टक्के म्हणजे वीस पाने होतात. एखाद्या प्रबंधातील खरोखर नवा विचार पुष्कळदा वीस पानांहून कमी जागेत मावतो, हे परीक्षकाचे काम केलेल्या कोणासही ठाऊक आहे.

विनियमकर्त्यांना ही अडचण सुचली नव्हती असे म्हणता येणार नाही. सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष व शिफारशी हा भाग मूळ कल्पनांवर आधारलेला असावा आणि त्यात कोणतेही साम्य नसावे, असे त्यांनी वेगळे सांगितले आहे. त्यातून सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळणारे शब्द तेवढे वगळले आहेत, आणि तेही सलग चौदा शब्दांपर्यंत. हा चौदाचा आकडा कोठून आला हे विनियम सांगत नाहीत. व्यवहारात त्याचा अर्थ फार सोपा करून घेतला जातो. तपासणीच्या यंत्रणेत चौदा शब्दांहून आखूड जुळण्या मोजू नयेत अशी योजना करतात, आणि मग ‘सर्वसामान्य ज्ञान’ या अटीचे काय झाले हे कोणी विचारीत नाही.

आता चौदा शब्द म्हणजे किती? प्रश्न पोरकट वाटेल. पण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही. ‘शब्द’ हे भाषांतरात न बदलणारे परिमाण नाही. लेखनात दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे येते त्याला यंत्र शब्द म्हणते, आणि मोकळी जागा कोठे सोडावयाची हे प्रत्येक भाषेचा लेखनसंकेत ठरवितो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या सामान्यरूपास जोडून लिहितात. ‘घरासमोर’ हा आपल्या दृष्टीने एक शब्द. त्याच अर्थाला इंग्रजीत ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’ असे पाच शब्द लागतात, आणि हिंदीत ‘घर के सामने’ असे तीन. आपण ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ असे म्हटले तरी यंत्राच्या लेखी तो एकच शब्द. संस्कृतप्रचुर शास्त्रीय मराठीत समासांची भर पडते ती वेगळीच.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या संशोधकाचा निष्कर्ष असा आहे : ‘विद्यार्थ्यांच्या लेखनातील विभक्तिप्रत्ययांच्या चुका त्यांच्या बोलीच्या व्याकरणाशी सुसंगत असल्याने त्यांना चुका म्हणता येणार नाही.’ वाचकाने बोटे मोडून पाहावे. हे बरोबर चौदा शब्द आहेत. यात विधान आहे, त्याचे कारण आहे, आणि शिक्षकांच्या एका रूढ समजुतीचे खंडनही आहे. प्रबंधाचा सगळा सांगावा या एका वाक्यात आला. याच वाक्याचे सरळ इंग्रजी भाषांतर केले तर सुमारे तेवीस शब्द होतात, आणि चौदावा शब्द येतो तेव्हा ‘सुसंगत’ कशाशी हे अजून सांगावयाचे राहिलेले असते. म्हणजे इंग्रजीत चौदा शब्दांच्या सवलतीत वाक्याचा एक तुकडा सुटतो; मराठीत एक संपूर्ण निष्कर्ष सुटतो. हिंदीत कारकचिन्हे नामापासून तोडून लिहीत असल्यामुळे तीही या बाबतीत मराठीपेक्षा इंग्रजीच्या जवळ पडते. एकच नियम, आणि भाषेगणिक त्याची सवलत निराळी. मराठी संशोधकाला ही जादा सूट कोणी जाणूनबुजून दिलेली नाही. ती मोजपट्टीच्या अज्ञानातून मिळाली आहे.

याहून गंभीर गोष्ट लेखनपद्धतीची आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले (योगायोग असा की मूळच्या त्या नियमांची संख्याही चौदाच होती, पुढे १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली). त्या नियमांनी व्युत्पत्तिदर्शक अनुस्वार काढून टाकले, पुष्कळ ऱ्हस्वदीर्घ बदलले आणि ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘जेथें’ या रूपांना रजा दिली. दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तील (१९११) एखादा परिच्छेद कोणी आज नव्या लेखनपद्धतीने उतरवून घेतला, तर ओळीओळीत दोनतीन शब्दांची अक्षरे बदललेली असणार. मानवी वाचकाच्या दृष्टीने हा परिच्छेद तोच आहे. अक्षरांच्या साखळ्या जुळवून पाहणाऱ्या यंत्राला साखळी जागोजाग तुटलेली दिसते. अशा उतरवणाऱ्याला चौर्य लपविण्यासाठी काही करावे लागत नाही. शुद्धलेखनाचे नियम पाळले की पुरे.

आणि हे, दामल्यांचे व्याकरण यंत्राच्या आवाक्यात आहे असे धरून. मराठीतील संशोधनपर लेखनाचा फार मोठा भाग अजून छापील पानांवरच आहे. त्याची छायाचित्रे कोठे ठेवलेली असली तरी छायाचित्रातील अक्षर यंत्राला अक्षर म्हणून वाचता येतेच असे नाही. शिवाय युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी जे प्रबंध संगणकावर जुळविले गेले, त्यांत दिसणारे देवनागरी अक्षर आणि साठविलेले चिन्ह यांचा काही संबंध नाही. पडद्यावर ‘भाषा’ दिसते आणि आत रोमन चिन्हांचा गुंता असतो. सावेडीत आणि नगर शहरात ज्या डी.टी.पी. केंद्रांतून आमच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तयार होऊन येतात, तेथे ही जुनी अक्षरवळणे अजून पूर्णपणे गेलेली नाहीत. ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहामुळे प्रबंध सर्वांस खुले झाले आणि २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ या योजनेने तपासणीची यंत्रणा विद्यापीठांना पुरविली, ही दोन्ही कामे मोलाचीच आहेत. पण मराठी प्रबंधाच्या प्रमाणपत्रावर जेव्हा ‘साम्य दोन टक्के’ असे लिहून येते, तेव्हा त्याचा खरा अर्थ एवढाच की यंत्राला जे वाचता आले त्यात दोन टक्के सापडले. ते प्रमाणपत्र सचोटीचे आहे असे मानून आपण ते प्रबंधाला टाचतो.

या सर्वांपलीकडे भाषांतराचा प्रश्न उभा आहे. मराठीतील प्रबंधांची रचना ज्याने पाहिली आहे त्याला ‘सैद्धान्तिक चौकट’ हे प्रकरण परिचित असेल. सोस्यूरपासून चॉम्स्कीपर्यंतचा प्रवास तीसचाळीस पानांत होतो. वाक्यांची घडण इंग्रजी असते, उदाहरणे इंग्रजी असतात, आणि शेवटी संदर्भग्रंथांत दहाबारा मोठी नावे असतात. ज्या एका पाठ्यपुस्तकातून हे सर्व परिच्छेदशः भाषांतरित झालेले असते, त्याचे नाव मात्र त्या दहाबारांत नसते. यंत्राच्या दृष्टीने हे प्रकरण शंभर टक्के मौलिक आहे. किंबहुना प्रबंधात सर्वांत मौलिक तेच.

आपल्याकडील साहित्यशास्त्राने हा भेद फार पूर्वी केला आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात दोन कवींच्या उक्तींतील साम्याचे तीन प्रकार मानले : बिंब आणि प्रतिबिंब यांच्यासारखे, वस्तू आणि तिचे चित्र यांच्यासारखे, आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन देहधारी व्यक्तींसारखे. यांपैकी पहिले दोन टाळावेत, तिसरा मात्र दोषास्पद नाही, कारण तेथे दुसऱ्या देहाला स्वतःचा प्राण आहे, असे त्याचे मत आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या विषयाला स्वतंत्र अध्याय दिले, शब्दांचे हरण आणि अर्थाचे हरण वेगळे काढले, आणि अर्थसाम्याच्या प्रकारांत ‘परपुरप्रवेशसदृश’ असा एक प्रकार वाढविला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे ‘प्रतिबिंबकल्पा’चे लक्षण. अर्थ सगळा तोच, फक्त वाक्यरचना निराळी, तो प्रतिबिंबकल्प. आणि कवीने तो वर्ज्य करावा. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या या शास्त्रकाराने ज्याला त्याज्य म्हटले, त्याला आपली तपासणी शून्य टक्के देते. उलट नुसत्या शब्दांच्या हरणात तो पुष्कळ तारतम्य पाहतो. आपली तपासणी नेमके तेच मोजते. राजशेखर काव्याविषयी बोलत होता, प्रबंधाविषयी नव्हे, आणि काव्यात परंपरेचे ऋण हा दोष नसतो, हा आक्षेप योग्य आहे. येथे त्याचा उपयोग एवढाच की ‘साम्य’ ही एकजिनसी वस्तू नाही व तिचे प्रकार पाडल्याशिवाय तिच्यावर निर्णय देता येत नाही, हे ज्ञान आपल्या परंपरेला नवे नाही.

नगर जिल्ह्याच्या वाङ्मयेतिहासातील दोन गोष्टी येथे आठवतात. नेवासे येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढील तीन शतकांत पाठभेद शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली, आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी निर्वाणीची सूचना शेवटी जोडली. ही चोरीची उलट बाजू आहे : दुसऱ्याचे आपल्या नावावर घेणे नाही, तर आपले दुसऱ्याच्या नावावर खपविणे. दोन्हींत दुखावते ती एकच गोष्ट, हे वाक्य कोणाचे आहे याविषयी वाचकाला असलेला भरवसा. दुसरे उदाहरण राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतीचे. ‘भक्तविजय’ (शके १६८४) हा ग्रंथ रचताना नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार घेतल्याचे तो स्वतःच सांगतो, आणि पदरचे काही लिहिलेले नाही अशी ग्वाही देतो. संतचरित्रे सांगणाऱ्या कवीला तळटीप ठाऊक नव्हती; पण आपला आधार कोणता हे श्रोत्यांना सांगितले पाहिजे, एवढी जाण त्याला होती. आमच्या विद्यार्थ्यांना संदर्भ देण्याची शिस्त पाश्चात्त्य वाटते. त्यांनी महिपती पाहावा.

‘पाश्चात्त्य वाटते’ असे म्हटले, पण याचे कारण विद्यार्थ्याच्या स्वभावात शोधण्यापूर्वी त्याच्या शब्दसंग्रहात शोधावे. मराठी विद्यार्थ्याच्या भाषेत ‘कॉपी’ हा शब्द परीक्षागृहापुरता आहे. त्या कॉपीवर महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे, शाळाशाळांतून कॉपीमुक्तीची अभियाने होतात, आणि ती लाजिरवाणी गोष्ट आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. परीक्षागृहाबाहेर मात्र तो कॉपी करीत नाही. तो ‘उतरवून घेतो’, ‘टिपणे काढतो’, ‘माहिती गोळा करतो’. हे सर्व शब्द शाळेपासून गौरवाचे आहेत. फळ्यावरील मजकूर जो अचूक उतरवितो त्याची वही नीटनेटकी. मार्गदर्शकातील उत्तर जो जसेच्या तसे लिहितो त्याला पूर्ण गुण. पंधरासोळा वर्षे ज्याला या कौशल्याबद्दल शाबासकी मिळाली, त्याला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाच्या वेळी आपण एकदम सांगतो की याच क्रियेचे नाव चौर्य. ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्दही त्याच्या कानाला परकाच. तो त्याला पुस्तकी वाटतो, त्याच्या स्वतःच्या वहीशी त्याचा संबंध त्याला दिसत नाही.

‘उतारा’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. पुस्तकातून उतरवून घेतलेला मजकूर तो उतारा. परंतु हाच शब्द आपण सातबाराच्या संदर्भातही वापरतो, आणि तेथे उताऱ्याला किंमत येते ती त्यावर गाव, गटक्रमांक आणि तलाठ्याची सही असते म्हणून. कोठून उतरविला हे ज्यावर नाही त्या कागदाला तहसील कचेरीत कोणी विचारीत नाही. शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याला संदर्भाची गरज समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण प्रस्तुत लेखकाला सापडलेले नाही.

दंडाविषयी येथे थोडे बोलणे प्राप्त आहे, कारण त्यातही एक विषमता आहे. साठ टक्क्यांवर साम्य आढळलेल्या संशोधक विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. त्याचे चारपाच वर्षांचे काम आणि विद्यापीठातील त्याचे स्थान दोन्ही संपतात. तेवढ्याच साम्याचे लेखन प्रसिद्ध करणाऱ्या अध्यापकाला लेख मागे घ्यावा लागतो, दोन वार्षिक वेतनवाढी गमवाव्या लागतात, आणि तीन वर्षे नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. निलंबन किंवा बडतर्फी हा विषय त्याच पातळीचा गुन्हा पुन्हा घडल्यावर येतो. शिकणाऱ्याला पहिल्या खेपेस जे भोगावे लागते ते शिकविणाऱ्याला दुसऱ्या खेपेसही लागेलच असे नाही. अध्यापकांच्या सेवाशर्ती वेगळ्या असतात हे मान्य. पण ज्याने चौर्य ओळखावयास शिकवावे त्याला सौम्य शासन आणि ज्याने ते शिकावे त्याला कठोर, हा क्रम कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारा नाही.

विनियमांच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. निर्णय सर्वस्वी यंत्रावर टाकावा असे त्यांनी म्हटलेले नाही. विभागाच्या पातळीवर एक समिती असावी, तिचे अध्यक्षस्थान विभागप्रमुखाकडे असावे, विभागाबाहेरील एक ज्येष्ठ अध्यापक आणि तपासणीच्या साधनांची माहिती असलेली एक व्यक्ती तिच्यात असावी. तिने तक्रारीची चौकशी करून पंचेचाळीस दिवसांत संस्थेच्या समितीकडे अहवाल द्यावा, अशी योजना आहे. म्हणजे माणसाने वाचावे अशीच अपेक्षा आहे. पण समितीसमोर प्रकरण येते तक्रार झाल्यावर, आणि तक्रार होते ती बहुधा टक्केवारी वाढली म्हणजे. ज्या प्रबंधाची टक्केवारी भाषेच्या गुणाने आधीच खाली राहिली आहे, तो समितीपर्यंत पोहोचतच नाही. याउलट लीळाचरित्रातील विभक्तिरूपांवर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात मूळ ग्रंथातील अवतरणे पानोपानी असणारच. ती विनियमांनुसार वगळावयाची असतात. पण जुन्या संहितांची अवतरणे आपण अवतरणचिन्हांत न घालता परिच्छेद मोडून देत असल्यामुळे यंत्राला ती ओळखता येत नाहीत, आणि आकडा फुगतो. मग तो विद्यार्थी घाबरून अवतरणेच कमी करतो, म्हणजे पुरावाच कमी करतो. चोर सुटतो एवढ्यापुरते हे नुकसान नाही. जो सावध व प्रामाणिक आहे त्याचे संशोधन यामुळे दुबळे होते. शिवाय अलीकडे यंत्राकडूनच मजकूर लिहून घेण्याची सोय झाली आहे. २०१८ ची व्याख्या ‘दुसऱ्याची’ कृती म्हणते. यंत्र हे ‘दुसरे कोणी’ आहे काय, याचे उत्तर तीत नाही.

प्रत्येक संस्थेने वाङ्मयचौर्याविषयी स्वतःचे धोरण आखून ते आपल्या अधिकारमंडळांकडून मंजूर करून घ्यावे, असे विनियमच सांगतात. मराठी विभागांनी या वाटेचा उपयोग करावा. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाच्या ज्या प्रकरणात अन्य भाषेतील ग्रंथांचा आधार आहे, त्या प्रकरणाच्या आरंभी तो आधार कोणता, किती आणि भाषांतराच्या स्वरूपात की सारांशाच्या, हे संशोधकाने स्वतः लिहून द्यावे. चौदा शब्दांची सूट मराठीपुरती आखडती घ्यावी. ती आठ असावी की नऊ, हे निरनिराळ्या विषयांतील मराठी व इंग्रजी मजकुराची समांतर मोजणी करून ठरविता येईल, आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यास हा विषय उत्तम आहे. मौखिक परीक्षेत सैद्धान्तिक प्रकरणावर प्रश्न विचारताना परीक्षकाने नगरी बोलीतील किंवा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बोलीतील उदाहरण मागावे. ज्याने सिद्धान्त पचविला आहे त्याला ते लगेच देता येते, आणि ज्याने नुसता भाषांतरिला आहे तो पुस्तकातील इंग्रजी उदाहरणाकडे परत जातो. विभागीय समितीत साधनांचा जाणकार असावा असे विनियमांनी सांगितले आहे. प्रबंध ज्या भाषेत आहे त्या भाषेच्या जुन्या ग्रंथांचा जाणकार असावा असे त्यांनी सांगितलेले नाही. ही चौथी जागा निर्माण करण्यास त्यांची मनाईही नाही.